श्वास कापलेली धून

पडदा फुगला की अल्टरवालीचे हात थांबायचे. अक्षरशः थांबायचे. पाय पायडलवर, सुई अर्धी पँटमध्ये अर्धी हवेत, आणि ही बया आपली खिडकीकडे बघत बसलेली. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी हिला त्याचं काही नाही. वारा आत यायचा, पडदा पोट भरल्यासारखा फुगायचा, त्यातून गाळलेलं ऊन टेबलावर सांडायचं, खडूची धूळ त्या उन्हात हळूहळू वर जायची, मग वारा मागे फिरायचा आणि पडदा गजांना जाऊन चिकटायचा. झालं, एवढंच. पण तिला वाटायचं की आत्ता इथे काहीतरी घडलं, आणि आपल्याशिवाय कुणी बघितलंच नाही.

"बाई, माझी चेन," गिऱ्हाईक म्हणायचं.

"हो हो, झालीच की," ती म्हणायची, आणि चेन अजून अर्धा तास तशीच.

दुकान म्हणजे एका चार मजली इमारतीच्या जिन्याखालची खोली. उभं राहिलं की डोकं आपटणार, म्हणून सगळे जरा वाकूनच बोलायचे. एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा, तोही असा टेकवलेला की त्यात माणूस कमरेखालीच दिसायचा. इथे नवं काही शिवलं जायचं नाही. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं, आखूड नाहीतर लांब करायचं, आणि परत असं जोडायचं की जोड दिसता कामा नये. कुणी बारीक झालेलं, कुणी जाड झालेलं, कुणाच्या मुलाची उंची रातोरात वाढलेली. लोकांच्या अंगात काय काय बदललं ते घरच्यांच्या आधी हिला कळायचं. वीस वर्षं हेच काम. आधी वडिलांच्या हाताखाली, ते गेल्यावर एकटी. लग्नाचं जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं, मग लोकांनी विचारायचं सोडलं, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.

वडील फार बोलायचे नाहीत. पण दोन गोष्टी त्यांनी तिच्या डोक्यात टाके घालून बसवल्या होत्या. एक, कापड बिघडलं तर गिऱ्हाईकाची वाट बघायची नाही, आपण होऊन त्याच्या दारात जायचं. आणि दुसरी, कातरण शिंप्याची. म्हणजे कापड गिऱ्हाईकाचं, पण कापून उरलेले तुकडे आपले, त्यावर कुणी हक्क सांगत नाही, कुणी मागत नाही, हा धंद्याचा रिवाज. खोलीच्या कोपऱ्यात कातरणीचं एक मोठं गाठोडं असायचं, आणि लहान असताना ती त्यावर झोपायची. रेशमी, सुती, लोकरी, सगळ्या जगाचे तुकडे अंगाखाली. ती म्हणायची, तिथे स्वप्नंसुद्धा तुकड्यातुकड्यांचीच पडतात, पण जोड दिसत नाहीत.

आता मोबाइलचं सांगते.

तिच्या बहिणीची एक मुलगी होती, कॉलेजात जाणारी. तिचं तोंड मिटलेलं कुणी बघितलं नव्हतं म्हणून घरात तिला टकळीच म्हणायचे. चार वर्षांपूर्वी एकदा टकळीनं मावशीला असं पडद्याकडे बघताना पकडलं.

"मावशी, काय बघतेस गं?"

"बघ ना, कसा श्वास घेतोय."

"अगं मग व्हिडिओ काढ की! आण तो मोबाइल इकडे."

आणि टकळीनं तिथल्या तिथे व्हिडिओचं ॲप टाकून दिलं, खातं उघडून दिलं, नाव काय ठेवू म्हणाली. मावशीनं जराही विचार न करता सांगितलं, "कातरण."

झालं! तिला जे सापडलं ते असं सापडलं की विचारू नका. उसवलेल्या शिलाईतून दोरा साप निघावा तसा बाहेर येतोय. बटण टेबलावरून घरंगळत कडेला येतं आणि पडायच्या आधी क्षणभर विचार करतं. वाफेची इस्त्री उचलली की बाहीतून ढग निघतो. हे सगळं ती मंद करायची, इतकं मंद की बघणाऱ्याच्या पापण्या जड व्हाव्यात. आणि त्याच्याखाली संगीत घालायची. कुठलं? कुठलंही! याच्या गाण्यातली चार सेकंद, त्याच्या मालिकेच्या सुरुवातीची तीन, कुठल्या तरी जुन्या पिक्चरमध्ये नायिका दार उघडते तेव्हाचे दोन सूर. कापायची, ओढून लांब करायची, एकाला एक जोडायची. जोड ऐकूच यायचे नाहीत. हात तयार होता ना!

तिच्या मनाला कधी शिवलंच नाही की हे दुसऱ्याचं आहे. एवढं मोठं गाणं, त्यातली चार सेकंद. कातरणच की ती. कातरण शिंप्याची.

आणि हो, एक गोष्ट महत्त्वाची. तिचा मोबाइल कायम भरलेला असायचा. म्हणून व्हिडिओ एकदा वर चढवला की मोबाइलमधून पुसून टाकायची. "वर ठेवलाय ना," म्हणायची, जसं काही माळ्यावरच ठेवलाय. चार वर्षांत दोनशे चौदा व्हिडिओ झाले. सगळे वर, खाली एकसुद्धा नाही.

एकेचाळीस हजार लोक तिचे व्हिडिओ बघायचे. घरी ती धाकटी, बिनलग्नाची, जरा वेंधळी. इमारतीत जिन्याखालची. पण तिथे वर, त्या माळ्यावर, लोक लिहायचे की आज दिवस फार वाईट गेला, मग तुझी वाफ बघितली. एकदा कुणीतरी लिहिलं, "तू आहेस म्हणून बरं आहे." तिनं ती कमेंट इतक्या वेळा वाचली की शेवटी ती अक्षरं नुसती चित्रं दिसायला लागली.

आमचं गाणं न विचारता वापरलंत, असा पहिला दावा आला तो एका मोठ्या गाण्यांच्या कंपनीचा. व्हिडिओ राहिला, पण ताकीद आली. टकळी म्हणाली, चालतं गं, सगळ्यांना येते. दुसरा आला मालिकेवाल्यांचा. टकळी म्हणाली, आता जरा जपून. मग तिनं गाणं किंचित वेगानं लावायची युक्ती शिकवली, म्हणजे कंपनीच्या यंत्राला ओळखू येत नाही. मावशीनं करून बघितलं तर गाणारी बाई डासासारखी गुणगुणायला लागली. दोघी इतक्या हसल्या की इस्त्री शर्टावरच राहिली.

तिसरा दावा मात्र पडद्यावर आला.

पडद्याचा तो व्हिडिओ म्हणजे तिचा जीव की प्राण. त्याखालची धून तिला एका दुपारी अशीच सापडली होती, एकामागून एक काहीतरी आपोआप वाजत असताना. क्लॅरिनेटवरची आठ मिनिटांची, अगदी साधी. फक्त त्रेचाळीस लोकांनी ऐकलेली. तिनं त्यातली चाळीस सेकंद घेतली, ओढली, साफसूफ केली आणि फुगणाऱ्या पडद्याखाली अंथरली. लोक वेडे झाले. आणि मग लोकांनी तोच आवाज उचलला आणि आपापल्या व्हिडिओंना लावला. ॲपमध्ये त्या आवाजावर बोट ठेवलं की लिहून यायचं, मूळ आवाज: कातरण. खाली आकडा. चार हजारांच्या वर. हे बघून ती आधी गोंधळली, मग तिला आवडलं. खोटं कशाला बोला, फारच आवडलं.

"मावशी, हे सिरियस आहे," टकळी दावा वाचत म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "तीन झाले. सात दिवसांत खातं कायमचं बंद. सगळं जाणार. दावा करणाऱ्यानं स्वतः मागे घेतला तरच वाचेल."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं!"

मावशीच्या डोळ्यांपुढे तो माळा आला, दोनशे चौदा घड्या नीट एकावर एक रचलेल्या, आणि खालून कुणीतरी शिडीच काढून घेतंय.

"आपण भांडू," टकळी उसळली. "लिहू की मी बदललंय, माझी कला आहे, तुमचं काय नुकसान झालं..."

"कुणाची आहे गं ती धून?"

टकळीनं शोधलं. मूळ धुनेखाली लिहिलं होतं: बाबांनी घरी वाजवलेली, जुन्या छापखान्याच्या वरच्या खोलीत.

छापखाना तिला माहीत होता. नऊ नंबरची बस जायची तिकडे.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"अगं वेडी आहेस का! चोरानं का कधी स्वतःहून घरमालकाची बेल वाजवलीये?"

"कापड बिघडलंय," मावशी म्हणाली. "दारात जावं लागतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून ती बसमध्ये बसली. बस जवळजवळ रिकामी होती. खिडकीतून दुकानं, दवाखाने, शाळेच्या भिंती, वाळत घातलेल्या चादरी सगळं असं वाहत होतं की तिला वाटलं हेही कुणीतरी मंद करून ठेवलंय. चादरी दिसल्या की बोटं आपोआप मोबाइलकडे जायची. मग आठवायचं, आता कशासाठी. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. काका, चूक झाली, दावा मागे घ्या. तीन तुकडे. बस वळली की ते तुकडे डोक्यात उलटेसुलटे व्हायचे.

छापखाना चालू होता. वरच्या खोलीची जमीन पायाखाली बारीक थरथरत होती, मांजर गुरगुरतं तशी. खिडकीशी खुर्चीत एक म्हातारा बसला होता, सत्तरीच्या बराच पुढचा, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. हिची नजर आधी गुंडीवर गेली, मग माणसावर. दार उघडलं होतं त्याच्या लेकीनं. औषधांच्या दुकानात कामाला होती ती, जेवायला घरी आलेली, हातात अजून ताट.

"कोण पाहिजे?"

"मी... मी कातरण," ती म्हणाली.

लेकीचा चेहरा असा झाला की ताट आता खाली तरी ठेवते की हिच्यावर तरी फेकते. "हां! म्हणजे तू का ती! बाबा, आली बघा तुमची चोर."

"या या," म्हातारा म्हणाला. "चोरांना बसायला द्यावं. ते फार चालून येतात."

ती स्टुलाच्या कडेवर टेकली. पाठ केलेलं सगळं उडालं. म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि एकच गोष्ट विचारली.

"माझे श्वास कुठे गेले?"

"काय?"

"धुनेत मी श्वास घेतलेत. तू घेतलेल्या भागात तीन आहेत. तुझ्यात एकही नाही."

तिला आठवलं. हो, फुस्स असा आवाज यायचा मध्ये मध्ये. तिनं ते अगदी बारकाईनं, एक एक करून कापले होते, दोन्ही कडा जोडल्या होत्या. फार मन लावून केलेलं काम होतं ते.

"मला ती दोऱ्याची टोकं वाटली," ती म्हणाली. "शिवून झालं की आम्ही टोकं कापून टाकतो. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, काम कच्चं आहे."

म्हातारा हसायला लागला. हसताना त्याची कवळी हलली, ती त्यानं जिभेनं जागेवर बसवली. "ऐकलंस का? दोऱ्याची टोकं!" मग तो पुढे झुकला. "पोरी, वाजवायला सगळेच शिकतात. श्वास कुठे घ्यायचा हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. आणि ती धून मी दात काढायच्या आदल्या दिवशी वाजवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सगळे उपटणार होता. कवळी लावून क्लॅरिनेट वाजत नाही, कुत्र्यासारखं केकाटतं. म्हणजे ते शेवटचंच. त्यातल्या दुसऱ्या श्वासाला दाढ ठणकली होती. तोसुद्धा तू कापलास. बरं केलंस म्हणा, फार दुखलं होतं."

तिला काय वाटलं हे सांगता यायचं नाही. शर्ट बेतताना चुकून बाही नाही, अख्खा माणूसच कापला गेलाय असं काहीतरी.

"मी फक्त कातरण घेतली," ती पुटपुटली. "आमच्यात कातरण शिंप्याची असते."

"कातरण उरलेली असते!" लेक म्हणाली. "तू मधलं कापड कापलंस. ऐन छातीचं."

छातीचा तुकडा कुणी कातरण म्हणून ठेवला असता तर वडिलांनी त्याला जिन्यावरून खाली सोडला असता. खरं तर दुकानच जिन्याखाली होतं, पण तरी.

खाली यंत्र कागद ओढत होतं, सोडत होतं. म्हाताऱ्यानं तिचा मोबाइल मागितला आणि पडदा बघितला. एकदा, परत एकदा. डोळे किलकिले करून, अगदी जवळ धरून.

"पडदा चांगला आहे," तो म्हणाला. "श्वास घेतोय." मग लेकीला म्हणाला, "घे गं मागे तो दावा. दारापर्यंत आलीये."

लेक कुरकुरली, पण तिनं आपला मोबाइल काढला. अंगठा चालायला लागला. "तुम्ही असेच, बाबा. जो येईल त्याला वाटून टाका." एक पान उघडलं, दुसरं उघडलं. आता एक बटण दाबलं की झालं. दोनशे चौदा घड्या, एकेचाळीस हजार माणसं, तू आहेस म्हणून बरं आहे. सगळं वाचणार होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची तर तिला जन्मभराची सवय होती!

"थांबा," तिच्या तोंडातून निघालं.

"आता काय?"

"ताई, तुम्हाला माहीत नाहीये. ती धून माझ्या नावावर फिरतेय." तिनं आवाजावर बोट ठेवून दाखवलं. मूळ आवाज: कातरण. "चार हजार लोकांनी लावलीये. मी आज माझा व्हिडिओ काढून टाकला तरी त्यांच्याकडे ती राहणार, माझ्या नावानं, तशीच कापलेली. आमच्या टकळीनं सगळं वाचून बघितलंय. माझं खातं बंद झालं तरच ती सगळीकडून जाईल."

लेकीचा अंगठा हवेतच राहिला. "म्हणजे बाबांनी आयुष्यभर फुंकायचं आणि मूळ कोण, तर तू! आयत्या बिळावर नागोबा तो हाच."

"चार हजार?" म्हातारा म्हणाला. "दाखव."

ती दाखवत गेली. एक मांजर उन्हात लोळतंय. एक बाळ झोपेत हसतंय. कुणीतरी पिठाचा गोळा मळतंय, कुणीतरी ट्रकच्या काचेतून लांबच लांब रस्ता दाखवतंय, एक म्हातारी केस विंचरतेय. सगळ्यांखाली त्याचं क्लॅरिनेट. त्याचा चेहरा आधी उजळत गेला, अगदी पोरासारखा, मांजराला तर त्यानं दोनदा बघितलं. आणि मग हळूहळू पडला.

"कुणीच श्वास घेत नाहीये," तो म्हणाला.

लेकीनं हिच्याकडे बघितलं. "मग? मागे घेऊ की नको?"

"नका घेऊ," ही म्हणाली, आणि उठलीच. चप्पल घालायलासुद्धा थांबली नाही, हातात घेऊनच जिना उतरली, आणि खालच्या पायरीवर बसून जी रडली, जी रडली! छापखान्यातला माणूस बाहेर आला, काय बोलावं सुचेना म्हणून परत आत गेला.

मागून लेक उतरली. दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"तुझ्याकडे काढून ठेवलेत का ते व्हिडिओ?"

"नाही. मोबाइल भरलेला असतो. सगळे वरच आहेत."

"अगं मग सात दिवस दिलेत ना? उतरवून घे! एवढं कसं नाही सुचलं तुला?"

सुचलं नव्हतं खरं. टकळी भांडायच्या तयारीत, ही रडायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"माझा कॉम्प्युटर आहे वर, रिकामाच आहे," लेक म्हणाली. "मी दावा मागे घेणार नाही हं. पण तुला रडवायला मी काही सासू नाही तुझी. दुपारी येत जा."

आणि मग सुरू झाल्या त्या दुपारी. ती रोज एक वाजता दुकान बंद करायची, नऊ नंबर पकडायची. लेक जेवून कामावर निघून जायची, आणि ही दोघं कॉम्प्युटरसमोर. एक व्हिडिओ उतरवायला तीन-चार मिनिटं लागायची. तेवढ्यात ती म्हाताऱ्याची गुंडी लावून द्यायची, लेकीच्या कोटाचं उसवलेलं अस्तर टाचायची. म्हातारा प्रत्येक व्हिडिओ बघायचा. प्रत्येक! कापडाच्या दुकानात ठाण उलगडून बघतात तसा.

पण एक गोष्ट झाली. गाणं दुसऱ्याचं असलं की उतरवताना ॲप आवाज काढून घ्यायचं. व्हिडिओ खाली यायचा तो मुका. चार वर्षांत पहिल्यांदाच ती आपले व्हिडिओ आवाजाशिवाय बघत होती. दोरा निघतोय, नुसताच. बटण पडतंय, आणि त्यात काहीच नाही, पडतंय झालं. तिला आठवत होतं की इथे आपण रडलो होतो. आता कळेना कशाला.

"हा काही नाही," म्हातारा म्हणायचा.

"हा गाण्यामुळे होता," ती कबूल करायची.

"हाही."

"हाही."

पहिल्या दिवशी फार लागलं तिला. बसमध्ये बसून वाटलं, आपण काही केलंच नव्हतं, लोक दुसऱ्यांचीच गाणी ऐकत होते आणि आपल्याला बरं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी मात्र एक वाफेचा आला. बाहीतून ढग निघतो, वर जातो, उन्हाच्या पट्ट्यात येतो आणि तिथेच विरतो. आवाज नाही, काही नाही. म्हातारा पुढे सरकला. खाली छापखान्याचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं होतं की त्यांना तसं वाटलं कोण जाणे. ढग विरला, तरी दोघं तिथेच बघत बसली.

"हा तुझा आहे," तो म्हणाला.

तिनं कागदावर एक रेघ मारली.

मग कुठे विसांत एक, कुठे तिसांत एक. कातरीच्या पात्यावरून सरकणारं खिडकीचं प्रतिबिंब. आरशात नुसते पाय, एका पायाची बोटं लाजून आत वळलेली. एक निळा दोरा, जो कुठेच जात नाही. तिला हळूहळू ओळखू यायला लागलं. बघायच्या आधीच कळायचं, हा राहणार. हा जाणार. जाणाऱ्याचं आता वाईटही वाटेना. दुपार खिडकीतून आत यायची, जमीन गुरगुरायची, म्हाताऱ्याची मान मध्येच छातीवर पडायची, तो जागा व्हायचा आणि म्हणायचा, "मी बघितला हं तो, पुढचा लाव." झोपेत बघितलेले दोन-तीन त्यानं पासही करून टाकले होते. ते तिनं गुपचूप बाद केले.

सातव्या दिवशी दुपारी सव्वातीनला मोबाइल वाजला. टकळी.

"मावशी, गेलं गं! आत्ता बघितलं, खातं दिसतच नाहीये!" आणि भोकाड पसरलं.

"हो का," मावशी म्हणाली. "अगं रडू नकोस. नाक पूस आधी."

पाच उतरवायचे राहिले होते, आणि त्यांत तो पडदाही होता. त्याला तिनं मुद्दाम हात लावला नव्हता, लावावासा वाटला नव्हता. बाकीचे चार कोणते ते तिला आठवेना. म्हाताऱ्यानं तिच्या हातून मोबाइल घेतला, झोपेत हसणारं ते बाळ शोधून काढलं. बाळ हसत होतं, आवाज गेला होता. त्यानं कान जवळ नेला, जसं काही बाळाचा श्वास तरी ऐकू येईल.

"किती झाले तुझे?" त्यानं मग विचारलं.

तिनं कागदावरच्या रेघा मोजल्या, परत मोजल्या.

"अकरा."

"दोनशेमधले?"

"हो. अकराच."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, गिऱ्हाईक आरशासमोर वळून बघतं तेव्हा बघते तशी. म्हातारा बोटं मोजत होता. एका हाताची संपली, दुसऱ्यावर आला.

"कमी नाहीत गं," तो म्हणाला. "वाजवलेल्यातले माझे सात झाले. साठ वर्षांत."

लेक तेवढ्यात कामावरून लवकर आली होती, दारात चप्पल काढत होती. "बाबा, मागच्या वर्षी नऊ म्हणाला होतात."

"दोन गळले," म्हातारा म्हणाला. "परत ऐकले, तर काही खास नव्हते."